मायक्रोलॉजिक्स १४०० चे चॅनेल ० आणि डीएफ१ फुल-डुप्लेक्स: एक परीक्षण

ॲलन-ब्रॅडलीच्या मायक्रोलॉजिक्स १४०० या पीएलसीवर, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकावर, संवादासाठी तीन जागा आहेत: आठ पिनांच्या गोल मिनी-डिन सॉकेटचे चॅनेल ०, इथरनेटचे चॅनेल १ आणि नऊ पिनांच्या डी-शेल कनेक्टरचे चॅनेल २. या परीक्षणाचा विषय चॅनेल ० आणि त्यावर कारखान्यातूनच बसवून येणारा डीएफ१ फुल-डुप्लेक्स हा प्रोटोकॉल, म्हणजे सिरीयल संवादाची ठरलेली नियमावली, एवढाच आहे. पीएलसीची लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम लिहिण्याची आकृतीरूप भाषा) क्षमता, इनपुट-आउटपुटची संख्या किंवा किंमत यांवर भरपूर लिहिले गेले आहे. ज्या सिरीयल दुव्यावर देखभाल विभागाचा लॅपटॉप, ऑपरेटरचा पॅनेल आणि कित्येक ठिकाणी संपूर्ण उत्पादनाची नोंद अवलंबून असते, त्याच्याकडे मात्र ‘केबल लावली की चालते’ यापलीकडे कोणी पाहत नाही. हा दुवा फार विचारपूर्वक घडवलेला आहे असे माझे मत आहे. त्याच्या ‘एकाच वेळी दोन्ही दिशांनी’ या वैशिष्ट्याबद्दल सर्वसाधारण समज चुकीचा आहे, आणि त्या समजापायी त्याच्या काही सेटिंगांकडे दुर्लक्ष होते, असेही मला वाटते.

डीएफ१ चा पाया अमेरिकेच्या एएनएसआय एक्स३.२८ या १९७६ च्या मानकात आहे. त्या मानकातील दोन उपवर्ग ॲलन-ब्रॅडलीने एकत्र घेतले. डी१ या उपवर्गामुळे डेटामध्ये कोणताही बाइट बिनदिक्कत पाठवता येतो, तर एफ१ या उपवर्गाने दोन्ही दिशांनी एकाच वेळी होणारे आणि पोच (संदेश मिळाल्याची खूण) त्यातच गुंफलेले प्रेषण दिले. मॉडबस आरटीयू या दुसऱ्या प्रचलित सिरीयल प्रोटोकॉलवर वाढलेल्या अभियंत्याला यातील फरक लगेच जाणवत नाही. मॉडबसमध्ये एक मास्टर असतो, तो विचारतो आणि स्लेव्ह उत्तर देतो. स्लेव्हला स्वतःहून तोंड उघडण्याची मुभा नसते. डीएफ१ फुल-डुप्लेक्समध्ये दोन्ही टोकांना समान अधिकार आहेत. पाठवण्याची आणि घेण्याची तार वेगळी असल्यामुळे संगणक पीएलसीला प्रश्न पाठवत असतानाच पीएलसीसुद्धा संगणकाला स्वतःचा प्रश्न पाठवू शकतो, आणि त्यासाठी कोणालाही कोणाची परवानगी लागत नाही.

फ्रेमची रचना साधी आहे. डीएलई हा १६ या मूल्याचा नियंत्रण बाइट प्रत्येक चिन्हाच्या आधी येतो. डीएलई-एसटीएक्सने संदेश सुरू होतो, डीएलई-ईटीएक्सने संपतो आणि त्यानंतर तपासणीचा एक किंवा दोन बाइट येतात. डेटामध्येच १६ हे मूल्य आले, तर ते दोनदा पाठवले जाते आणि घेणारा त्यातील एक टाकून देतो. यामुळे मजकूर कोणता आणि चिन्ह कोणते याविषयी कधीच संदिग्धता राहत नाही. या रचनेचा एक लाभ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मॉडबस आरटीयू आपल्या फ्रेमची सीमा साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून ओळखतो, म्हणजे तेथे वेळ हाच विरामचिन्हाचे काम करतो. आज बहुतेक लॅपटॉपना सिरीयल पोर्ट नसतो आणि सगळे काम यूएसबी कन्व्हर्टरवर चालते. असा कन्व्हर्टर अक्षरे गोळा करून तुकड्यातुकड्याने पुढे देतो, त्यामुळे शांततेचे गणित बिघडते आणि कमकुवत लिहिलेला मॉडबस ड्रायव्हर अर्धी फ्रेम पूर्ण समजून फेकून देतो. डीएफ१ मध्ये दोन अक्षरांच्या मधे थोडा खंड पडला तरी फ्रेम तुटत नाही, कारण तिचा शेवट डीएलई-ईटीएक्सनेच ठरतो. स्वस्त कन्व्हर्टर, जुना टेलिफोन मोडेम किंवा सिरीयल-ते-इथरनेट पेटी मधे असली तरी हा दुवा समजूतदारपणे चालतो याचे मुख्य कारण हेच आहे.

आता गुंफलेल्या पोचेविषयी. दोनच तारा आहेत, पण त्यांवरून चार प्रकारची वाहतूक होते: संगणकाचे संदेश, पीएलसीने त्यांना दिलेली पोच, पीएलसीचे संदेश आणि संगणकाने त्यांना दिलेली पोच. पीएलसीकडून निघणाऱ्या एकाच तारेवरून पीएलसीचे स्वतःचे संदेश आणि संगणकाच्या संदेशांची पोच अशी दोन्ही जातात. समजा, पीएलसी एक लांब उत्तर पाठवत आहे आणि त्याच वेळी संगणकाकडून नवी आज्ञा पूर्ण होऊन पोचली. अशा वेळी पीएलसी आपले उत्तर पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच्या मध्येच डीएलई-एसीके ही पोचेची दोन अक्षरे घालू शकतो. घेणाऱ्याने ती वेगळी काढून घ्यायची आणि उरलेला संदेश जसाच्या तसा जोडायचा असतो. तपासणीच्या बेरजेतही ही दोन अक्षरे धरली जात नाहीत.

हे कशासाठी, असा प्रश्न १९,२०० बॉडवर (म्हणजे सेकंदाला तितके बिट या वेगावर) पडतो, कारण त्या वेगाला त्याची गरज जवळजवळ भासत नाही. पण गणित करून पाहावे. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट अशा मांडणीत एका अक्षराला १० बिट लागतात. १,२०० बॉडवर सेकंदाला १२० अक्षरे जातात. २०० बाइट डेटा असलेले उत्तर आवरणासह सुमारे २१२ बाइटांचे होते आणि त्याला पावणेदोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. पोचेसाठी थांबण्याची मुदत मायक्रोलॉजिक्समध्ये मुळात २० मिलिसेकंदांच्या ५० पट, म्हणजे १ सेकंद ठेवलेली असते. पोच जर उत्तराच्या शेपटाशी अडकून राहिली, तर संगणक मधेच अस्वस्थ होऊन विचारणा पाठवू लागेल आणि आधीच संथ असलेल्या लाइनवर अनावश्यक वाहतूक वाढेल. टेलिफोन लाइनवरील मोडेमच्या काळात गुंफलेली पोच ही खरी गरज होती. आज दोन मीटरच्या केबलवर ती गरज उरलेली नाही. दूरच्या पंपिंग स्टेशनवर संथ मोडेम अजून चालू असेल, तर तेथे मात्र हे वैशिष्ट्य सुरू असल्याची खात्री करून घ्यावी.

चॅनेल ० च्या सेटिंगमध्ये ‘एम्बेडेड रिस्पॉन्सेस’साठी ‘ऑटो-डिटेक्ट’ आणि ‘एनेबल्ड’ असे दोन पर्याय आहेत. ऑटो-डिटेक्टमध्ये समोरच्याने एकदा गुंफलेली पोच पाठवली तरच पीएलसीसुद्धा तशी पोच वापरू लागतो. हा सावध पर्याय आहे आणि मूळचा तोच ठेवलेला आहे, ते योग्यच झाले. एखाद्याने स्वतः लिहिलेला ड्रायव्हर संदेशाच्या मध्ये आलेल्या डीएलई-एसीकेला डेटा समजून गोंधळात पडतो आणि दोष मात्र केबलला दिला जातो. असा ड्रायव्हर वापरात असेल तर ‘एनेबल्ड’च्या वाटेला जाऊ नये.

वेगाविषयीचा समज येथेच दूर करणे आवश्यक आहे. ‘फुल-डुप्लेक्स म्हणजे दुप्पट वेगवान’ असे विक्रेतेही सांगतात आणि प्रशिक्षण वर्गातही ऐकू येते. १९,२०० बॉडवर सेकंदाला १,९२० अक्षरे जातात. एन७ फाइलमधील (पीएलसीच्या पूर्णांकांच्या साठ्यातील) ५० शब्द वाचण्याची आज्ञा आवरणासह १८ बाइटांची होते, म्हणजे तिला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. १०० बाइट डेटाचे उत्तर ११२ बाइटांचे होते, त्याला सुमारे ५८ मिलिसेकंद लागतात. दोन्ही बाजूंच्या पोचेचे एकेक मिलिसेकंद धरले तर एकूण ७० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, आणि पीएलसी संवादाचे काम स्कॅनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीच्या, शेवटी करत असल्यामुळे त्यात स्कॅनची भर पडते ती वेगळी. हेच ५० शब्द त्याच वेगाने मॉडबस आरटीयूने वाचले तर ८ बाइटांचा प्रश्न, १०५ बाइटांचे उत्तर आणि मधल्या शांतता मिळून तारेवरचा वेळ ६३ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. एक प्रश्न, एक उत्तर अशा पद्धतीने वाचायचे असेल, तर डीएफ१ उलट किंचित मागेच पडतो. डेटामध्ये १६ हे मूल्य वारंवार येत असेल, तर दुबार पाठवण्यामुळे तो आणखी थोडा मागे पडतो. बाजारातील बहुतेक ऑपरेटर पॅनेल आणि देखरेखीची सॉफ्टवेअर उत्तर आल्याशिवाय दुसरा प्रश्न पाठवत नाहीत. म्हणजे तारा दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलू शकतात, पण माणसांनी लिहिलेली सॉफ्टवेअर आळीपाळीनेच बोलतात.

या प्रोटोकॉलचे मोल दिसते ते पीएलसीला स्वतःहून काही सांगायचे असते तेव्हा. काँक्रीट बॅचिंग प्लँटचे उदाहरण घेऊ. एक बॅच पूर्ण झाली की सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांची प्रत्यक्ष वजने संगणकात नोंदवली गेली पाहिजेत, आणि नेमक्या त्याच वेळी संगणक पडद्यावरील चालू वजने वाचत असतो. मॉडबस स्लेव्हच्या बाबतीत संगणकाला सतत ‘बॅच संपली का?’ असे विचारावे लागते, आणि दोन प्रश्नांच्या मधे बॅच संपून पुढची सुरू झाली तर आधीची आकडेवारी गमावण्याचा धोका राहतो. तो टाळण्यासाठी मग लॅडरमध्ये बफर, झेंडे आणि उलट पोचेचे बिट यांची वेगळी व्यवस्था उभारावी लागते. मायक्रोलॉजिक्समध्ये एमएसजी ही संदेश पाठवणारी लॅडर सूचना वापरून पीएलसी बॅच संपताक्षणी ती वजने स्वतःच पाठवतो. संगणकाचे वाचन त्यामुळे थांबत नाही, आणि संदेश पोचला की नाही हे एमएसजीचे डन आणि एरर हे बिट लॅडरलाच सांगतात. न मागता आलेले संदेश स्वीकारणारा ड्रायव्हर संगणकावर असणे ही यातील एकमेव अट आहे. सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून याचे उत्तर लेखी घ्यावे.

दुसरे मोठे बळ हिशेबाच्या काटेकोरपणात आहे. डीएफ१ मध्ये ‘तुझा संदेश मला धडपणे मिळाला’ आणि ‘तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. पोच ही फक्त पहिल्या गोष्टीची असते. उत्तर नंतर स्वतंत्र संदेश म्हणून येते, आणि त्या उत्तरालाही विचारणाऱ्याने पोच द्यायची असते. रजिस्टर्ड टपालाची पोचपावती आणि पत्राचे उत्तर यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. संदेश खराब मिळाला किंवा घेणाऱ्याचा बफर भरलेला असला, तर नकार जातो आणि पाठवणारा मूळच्या सेटिंगप्रमाणे तीन वेळा पुन्हा पाठवतो. काहीच आले नाही, तर तो लगेच सगळा संदेश परत पाठवत नाही. आधी डीएलई-ईएनक्यू ही दोन अक्षरांची विचारणा पाठवतो आणि घेणारा आपला शेवटचा प्रतिसाद पुन्हा सांगतो. लांब संदेश पोचला असून फक्त त्याची पोच वाटेत बिघडली असेल, तर या विचारणेने सगळा संदेश पुन्हा पाठवण्याचा वेळ वाचतो. विचारणेची मर्यादाही मुळात तीनच आहे.

या रचनेत एक फट आहे, आणि ती सेटिंग ठरवणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे. पोच आणि नकार यांना स्वतःचा क्रमांक नसतो. घेणारा विचारणेला आपला शेवटचा प्रतिसाद सांगतो, मग तो कोणत्याही संदेशाचा असो. प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी याचा बऱ्याच अंशी बंदोबस्त केला आहे: संदेशाच्या सुरुवातीची वाट पाहत असताना डीएलई-एसटीएक्स किंवा विचारणा सोडून दुसरे काहीही आले, तर घेणारा आपला शेवटचा प्रतिसाद ‘नकार’ असा बदलून ठेवतो. पीएलसी सुरू होतानाही तो प्रतिसाद नकारच असतो. त्यामुळे संदेशाची सुरुवात विद्युत गोंगाटाने बिघडली तरी विचारणेला नकार मिळतो आणि संदेश पुन्हा जातो. परंतु कनेक्टर क्षणभर सुटल्यामुळे संपूर्ण संदेशच नाहीसा झाला आणि घेणाऱ्याला एकही अक्षर मिळाले नाही, तर विचारणेला आधीच्या संदेशाची जुनी पोच मिळते आणि पाठवणारा निश्चिंत होतो. ही चूक पकडण्याचे काम दुवा करत नाही. ते वरच्या थरावर, म्हणजे उत्तराची वाट पाहणाऱ्या एमएसजीच्या किंवा संगणकाच्या टाइमआउटवर येऊन पडते. म्हणून पोच मिळाली यावर समाधान मानून कोणताही लॅडर तर्क लिहू नये. डन बिट आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे.

प्रत्येक आज्ञेवर दोन बाइटांचा व्यवहार क्रमांक असतो, त्याला टीएनएस म्हणतात. उत्तर कोणत्या आज्ञेचे आहे हे त्यावरून जुळवले जाते, आणि एकाच वेळी अनेक प्रश्न हवेत असू शकतात ते त्याच्याच आधाराने. याच क्रमांकावर ‘डुप्लिकेट डिटेक्ट’ ही सोय उभी आहे. नवा संदेश आला की पीएलसी त्यातील पाठवणाऱ्याचा पत्ता, आज्ञेचा बाइट आणि व्यवहार क्रमांकाचे दोन्ही बाइट आधीच्या संदेशाशी ताडून पाहतो. सगळे सारखे निघाले, तर तो पोच देतो आणि संदेश टाकून देतो, कारण पोच हरवल्यामुळे तोच संदेश दुसऱ्यांदा आला असे तो गृहीत धरतो. एखादी आज्ञा दोनदा अमलात येऊन बॅच दोनदा सुरू होऊ नये यासाठी हे फार मोलाचे आहे. मात्र स्वतः पायथन किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये ड्रायव्हर लिहिणारे अनेक जण व्यवहार क्रमांक कायम १ ठेवतात. पहिले वाचन व्यवस्थित होते. दुसऱ्यापासून पोच येते पण उत्तर येत नाही, आणि मग पीएलसीच्या नावाने शंका घेतली जाते. याचा सोपा वाटणारा उपाय म्हणजे डुप्लिकेट डिटेक्ट बंद करणे, आणि इंटरनेटवरील सल्ल्यांत तोच वारंवार आढळतो. मी तो देणार नाही. क्रमांक दर वेळी एकाने वाढवणे आणि प्रोग्राम नव्याने सुरू होताना आरंभीचा क्रमांक घड्याळावरून घेणे, एवढ्या दोन ओळींत हा प्रश्न कायमचा सुटतो आणि संरक्षणही शाबूत राहते.

तपासणीच्या पद्धतीविषयी माझे मत ठाम आहे: बीसीसी आणि सीआरसी या दोन तपासणी-पद्धतींपैकी सीआरसीच निवडावा. बीसीसी म्हणजे डेटामधील बाइटांची बेरीज करून तिचा दोनचा पूरक घेणे. ही बेरीज असल्यामुळे बाइटांचा क्रम बदलला तरी ती बदलत नाही, आणि मध्ये शून्य वाढले किंवा गळले तरी तिला पत्ता लागत नाही. कंपनीच्या माहितीपुस्तिकेतही ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की वर उल्लेखलेल्या बॅचिंग प्लँटच्या रेसिपीत सिमेंटचे ३५० आणि वाळूचे ७२० हे आकडे वाटेत मधल्या पेटीमुळे एकमेकांच्या जागी गेले, तर बीसीसी तो संदेश निर्दोष ठरवेल. १६ बिटांचा सीआरसी हा बदल पकडतो, आणि त्याची किंमत संदेशामागे फक्त एक जादा बाइट, म्हणजे १९,२०० बॉडवर अर्धा मिलिसेकंद आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना: बहुपदी मॉडबसचीच असली तरी येथे सीआरसीची सुरुवात शून्यापासून होते, मॉडबसप्रमाणे सर्व बिट १ धरून होत नाही. शिवाय मोजणीत शेवटचा ईटीएक्स धरला जातो, पण त्याच्या आधीचा डीएलई धरला जात नाही. मॉडबसचे फंक्शन जसेच्या तसे उचलून आणले की प्रत्येक संदेशाला नकार मिळत राहतो.

हार्डवेअरच्या बाजूने चॅनेल ० समाधानकारक आहे. ते विद्युतदृष्ट्या विलग केलेले आहे, आणि चार्जरवर चालणारा लॅपटॉप व कंट्रोल पॅनेल यांच्या अर्थिंगमध्ये फरक असताना हीच गोष्ट पोर्ट वाचवते. याच पीएलसीवरील चॅनेल २ ला असे विलगीकरण नाही, त्यामुळे लॅपटॉपसाठी नेहमी चॅनेल ० वापरावे. मिनी-डिन कनेक्टर मात्र मला पसंत नाही. त्याला स्क्रूची पकड नसते, कंप असलेल्या यंत्रावर तो हळूहळू सैल होतो, आणि वर सांगितलेली संपूर्ण संदेश हरवण्याची परिस्थिती नेमकी अशाच जागी उद्भवते. कायमस्वरूपी जोडणीत केबल कंट्रोल पॅनेलच्या आतच टायने बांधून तिच्यावरचा ताण काढून घ्यावा. कंपनीची १७६१-सीबीएल-पीएम०२ ही केबल दोन मीटरची आहे, आणि आरएस-२३२ ची शिफारस केलेली मर्यादा सुमारे १५ मीटरची आहे. त्यापुढे जायचे असल्यास हा प्रोटोकॉल नव्हे, तर विद्युत माध्यम बदलण्याचा विचार करावा. यूएसबी कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा लेटन्सी टायमर (आलेली अक्षरे पुढे देण्यापूर्वी थांबण्याची मुदत) १६ मिलिसेकंदांवरून १ वर आणावा. प्रत्येक व्यवहारात पोच आणि उत्तर अशा दोन्ही ठिकाणी हा उशीर लागत असल्यामुळे एवढ्या एका बदलाने वाचनाचा वेग डोळ्यांना दिसेल इतका सुधारतो.

सॉफ्टवेअरमध्ये आरएसलिंक्स क्लासिक या संगणक व पीएलसी जोडणाऱ्या प्रोग्रामचा आरएस-२३२ डीएफ१ ड्रायव्हर आणि त्यातील ‘ऑटो-कॉन्फिगर’ हे बटण नवशिक्यासाठी वरदान आहे. बॉड रेट, पॅरिटी आणि तपासणीची पद्धत ते स्वतः शोधते. विनामूल्य लाइट आवृत्तीही प्रोग्रामिंगला पुरते. कोणीतरी चॅनेल ० मॉडबसवर नेऊन ठेवले असेल तर हे बटण निरुपयोगी ठरते. अशा वेळी पीएलसीच्या एलसीडीवरील कम्युनिकेशन टॉगल वापरून पोर्ट मूळ सेटिंगवर, म्हणजे १९,२०० बॉडच्या डीएफ१ फुल-डुप्लेक्सवर आणता येतो. दूरच्या साइटवर प्रोग्रामविना अडकलेल्या तंत्रज्ञासाठी ही सोय फार मोठी आहे.

आरएसलॉजिक्स ५०० या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमधील चॅनेल स्टेटसची खिडकी हे या दुव्याचे सर्वांत कमी वापरले जाणारे आणि माझ्या दृष्टीने सर्वोत्तम वैशिष्ट्य आहे. पाठवलेले आणि मिळालेले संदेश, न पोचलेले संदेश, दुबार आलेले संदेश, मिळालेले नकार, पाठवलेल्या आणि मिळालेल्या विचारणा, खराब पाकिटे आणि बफरअभावी नाकारलेली पाकिटे यांचे वेगवेगळे आकडे तेथे दिसतात. हे आकडे एकत्र वाचले की दोषाची जागा बऱ्यापैकी अचूक सांगता येते. खराब पाकिटे वाढत असतील तर गोंगाट किंवा बॉडची विसंगती शोधावी, आणि त्यातही व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) पॉवर केबल व सिरीयल केबल एकाच ट्रेमधून गेल्या आहेत का ते प्रथम पाहावे. दुबार संदेश वाढत असून खराब पाकिटे शून्य असतील, तर संगणकावरील व्यवहार क्रमांकाची शिस्त तपासावी. बफरअभावी नाकारलेली पाकिटे वाढत असतील, तर कोणीतरी पीएलसीला झेपेल त्याहून अधिक वेगाने विचारत आहे किंवा स्कॅन फार लांबला आहे. विचारणा वाढत असून बाकी सर्व ठीक असेल, तर पोचेची मुदत लाइनच्या मानाने कमी पडत आहे. साध्या मॉडबस स्लेव्हमध्ये इतका तपशीलवार हिशेब क्वचितच मिळतो, आणि तो येथे मिळतो याचे श्रेय पोच, नकार व विचारणा वेगवेगळ्या ठेवणाऱ्या मूळ रचनेला आहे.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. फुल-डुप्लेक्स दोन टोकांपुरताच आहे. एका तारेवर अनेक पीएलसी हवे असतील, किंवा एका वेळी एकच बाजू बोलू शकेल असा रेडिओ असेल, तर डीएफ१ हाफ-डुप्लेक्स किंवा डीएफ१ रेडिओ मोडेम हे याच चॅनेलवरचे पर्याय घ्यावे लागतात. त्यांत मास्टर-स्लेव्हचे किंवा रेडिओचे नियम लागू होतात आणि वर वर्णिलेले समान अधिकारांचे चित्र बदलते. वेगाची कमाल मर्यादा ३८,४०० बॉड आहे. विंडोजमध्ये एक सिरीयल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असतो, त्यामुळे देखरेखीचे सॉफ्टवेअर चालू असताना प्रोग्रामिंग करायचे असल्यास दोन्ही आरएसलिंक्समार्फत न्यावी लागतात. सर्वांत गंभीर मर्यादा सुरक्षिततेची आहे: या दुव्यावर पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची कोणतीही पायरी नाही. केबल लावणाऱ्याला योग्य फ्रेम बनवता आली, तर पीएलसी त्याचे ऐकतो. कंट्रोल पॅनेलला कुलूप असणे हाच येथील पहिला उपाय आहे, आणि हा पोर्ट मोडेमवर किंवा सिरीयल-ते-इथरनेट पेटीवर उघडा ठेवणे मी कोणालाही सुचवणार नाही.

ज्यांच्याकडे चॅनेल १ चे इथरनेट मोकळे आहे आणि स्विचपर्यंत केबल टाकता येते, त्यांनी नियमित डेटा वाचनासाठी तेच वापरावे. तेथेही आज्ञा, फाइल क्रमांक आणि व्यवहार क्रमांक हेच असतात. फक्त पोच, नकार आणि विचारणा यांचे काम नेटवर्कचा टीसीपी हा प्रोटोकॉल करतो. चॅनेल ० मग देखभालीसाठी डीएफ१ वरच राखून ठेवावे. ज्यांचे यंत्र जुने आहे, संगणक एकच आहे आणि पीएलसीनेच घटना कळवणे आवश्यक आहे, त्यांनी कोणी ‘जुने झाले’ म्हणाले म्हणून हा दुवा काढू नये. सीआरसी निवडावा, डुप्लिकेट डिटेक्ट सुरू ठेवावा, संथ मोडेम असल्यास पोचेची मुदत वाढवावी आणि चॅनेल स्टेटसचे आकडे महिन्यातून एकदा लॉगबुकात उतरवावेत. मायक्रोलॉजिक्सच्या जागी याच कंपनीचे मायक्रो८०० हे पीएलसी घेणाऱ्यांनाही यातील बहुतेक मजकूर लागू आहे, कारण त्यांच्या सिरीयल पोर्टवरील सीआयपी सिरीयल या प्रोटोकॉलच्या सेटिंगमध्ये डीएफ१ फुल-डुप्लेक्स, डुप्लिकेट डिटेक्शन, एम्बेडेड रिस्पॉन्सेस, नकार आणि विचारणांची मर्यादा व पोचेची मुदत हेच रकाने भरावे लागतात. जुन्या यंत्रावरून नव्याकडे जाताना जुने आकडे आधी कागदावर उतरवून घ्यावेत आणि मगच जुना पीएलसी बंद करावा.